लोकरीचा गुंडा

डोंगरीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं थंडी बेताचीच. तथापि तान्ह्या मुलाचें टोपडें घरींच विणावें अशी हौस असते. नवशिक्याची फजिती बहुधा सुया हातीं घेण्यापूर्वीं, लड उलगडतांनाच होते. एकानें लड दोन्ही हातांवर धरावी, दुसऱ्यानें गुंडाळावी. गुंडाळतांना तीनचार बोटें लोकरीखालीं ठेवून तीं वारंवार काढून घ्यावीं, म्हणजे गुंडा सैल राहतो. दोर वळतांना हात आवळण्याची आपणां शेतकऱ्यांस संवय. येथें नेमकें उलट. ताणलेल्या लोकरीचें टोपडें पहिल्या धुण्यांतच आखडतें. लागणारी सर्व लोकर एकाच वेळीं रंगविलेली घ्यावी. मागाहून आणलेलीची छटा क्वचितच जुळते. धनगरी लोकर घोंगडीस उत्तम, बाळास मात्र टोंचते. उरलेली लोकर उन्हांत वाळवून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. तिला कसर फार लवकर लागते.