हाडात शिरणारी बुरशी

शिळ्या भाकरीवर चढलेली बुरशी कोणी पाहिली नाही? भाकरी टाकून दिली की आपल्या लेखी तो विषय संपतो. परंतु बुरशीच्याच वर्गातील काही कवके माणसाच्या हाडांत व सांध्यांत घर करतात. लहान मुलांत हे विरळाच घडते. पण घडले तर त्याचा परिणाम जन्मभर राहू शकतो.

या रोगाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रात लिहिला गेला. पाय सुजवून विद्रूप करणाऱ्या एका व्याधीची नोंद १८४२ मध्ये गिल या डॉक्टरांनी मदुरै येथे केली. त्या गावावरून तिला ‘मदुरापाद’ म्हणू लागले. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी असे पाय बारकाईने तपासले. ग्रे यांच्या १८५८ सालच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील आकृत्या काढणारे ते हेच कार्टर. नंतर काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. व्याधीचे मूळ कवकात आहे असे प्रतिपादून त्यांनी तिला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले आणि १८७४ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अशीच व्याधी काही सूक्ष्मजंतूंमुळेही होते, हे पुढील संशोधनाने दाखविले.

ही कवके मातीत असतात. अनवाणी पायात काटा रुतला म्हणजे त्याच्याबरोबर ती आत शिरतात. काही महिन्यांनी तेथे एक गाठ येते. ती दुखत नाही, आणि हाच खरा धोका होय. दुखणे नाही म्हणून मूल तक्रार करीत नाही व घरची मंडळीही स्वस्थ राहतात. कालांतराने गाठीला छिद्रे पडून पुवाबरोबर काळे, पांढरे किंवा तांबडे कण बाहेर येतात. तोवर आतील हाड पोखरले गेलेले असू शकते. क्ष-किरणांच्या चित्रात ते सच्छिद्र दिसते.

कवकाला हाडाकडे जाण्याचा दुसरा मार्ग रक्ताचा. अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बालकाच्या शिरेत औषधासाठी दीर्घकाळ नळी ठेवावी लागते, तेव्हा कँडिडा नावाचे कवक कधी कधी रक्तात उतरते. सुमारे दीड वर्षाच्या वयापर्यंत हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढीच्या कूर्चेतून पलीकडे जातात. त्यांच्या वाटेने रोग हाडातून सांध्यात पोहोचतो. वाढीची कूर्चाच दुखावली तर तो हात किंवा पाय पुढे आखूड राहू शकतो. अशा तान्ह्या मुलाला ताप असेलच असे नाही. ते केवळ एक पाय हलवीनासे होते, किंवा लंगोट बदलताना रडते. आईच्या नजरेला पडलेली ही खूण डॉक्टरांनी क्षुल्लक मानू नये.

उपचार आहेत, मात्र ते चिकाटीने घ्यावे लागतात. कवकनाशक औषध कित्येक आठवडे, मदुरापादात तर कित्येक महिने चालते. शस्त्रक्रियाही करावी लागते. सूक्ष्मजंतूंवरील औषधे निराळी असल्यामुळे कण किंवा ऊतीचा तुकडा तपासून कारण ठरविणे अगत्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाची गणना उपेक्षित रोगांत केली.

प्रतिबंध मात्र साधा आहे. शेतात व रानात मुलांच्या पायांत वहाणा असाव्यात, काटा लागताच तो काढून जखम साबणाने धुवावी, आणि न दुखणारी गाठही डॉक्टरांना दाखवावी. वेदना नसली तरी रोग असू शकतो, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ पाय वाचतील.