मुनीम रुसला नव्हता

रविवारी सकाळी चहाबरोबर वाचण्याजोगा हा विषय नव्हे, याची मला जाणीव आहे. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या बोक्याने घरभर लघवी करायला सुरुवात केली, तेव्हा पहिला मान माझ्या अर्ध्या लिहून झालेल्या कादंबरीला मिळाला. 114 पानं. मी अजून हाताने लिहितो. निळी शाई पसरून पानांवर कुठल्याशा अज्ञात देशाचा नकाशा तयार झाला होता. ही म्हणाली, ''पहिला समीक्षक भेटला!'' मला हसू आलं नाही.

बोक्याचं नाव मुनीम. पांढऱ्या तोंडावर डोळ्यांभोवती चष्म्यासारखे दोन काळे डाग आणि जेवणाच्या वेळेचा हिशेब चोख, म्हणून मुनीम. ब्राह्मण आळीतल्या आमच्या जुन्या घराच्या परसात तो वाढला. शेवग्याखालची माती उकरायची, काम उरकायचं, वरून माती लोटायची, वास घेऊन खात्री करायची आणि मगच घरात यायचं. सात वर्षांत एकदाही चूक नाही. पुढे ते घर पाडून इमारत बांधायचं ठरलं आणि आम्ही कामतघरला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. परस गेलं. त्याच्या जागी बाल्कनीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, वाळू भरलेलं एक घमेलं आलं. भिवंडीत बांधकामाच्या वाळूला तोटा नाही. तीन महिने मुनीमने ते घमेलं निमूटपणे वापरलं. आणि मग एके दिवशी कादंबरी.

त्यानंतर पायपुसणं, उशी, तांदळाची गोणी, पुन्हा पायपुसणं. आम्ही आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले सगळे उपाय केले. त्याचं नाक त्या जागी घासलं, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, सकाळ-संध्याकाळ फिनेलने फरशी पुसली. जिन्यात वास येतो अशी कुजबुज सुरू झाली. माझं निदान तयार होतं. जुनं घर सोडल्याचा राग आहे, बोका रुसलाय, सूड घेतोय. कादंबरीकाराला पात्रांच्या मनातलं सगळं कळतं, अशी एक समजूत असते.

आमचे एक जुने खातेदार आहेत. पूर्वी त्यांचे यंत्रमाग होते, आता दापोड्याकडे गोदाम आहे. मुंबईकर मोबाइलवर बोट दाबून जे जे मागवतात, त्यातलं कितीतरी दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांतल्या गोदामांतून निघतं. जिथे खोकी तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे मांजर हा बिनपगारी नोकर. मागाच्या काळातही तेच होतं. सुताला कांजी लावलेली, तिच्यावर उंदीर तुटून पडत. ते म्हणाले, ''साहेब, द्या माझ्याकडे सोडून. खाऊन-पिऊन सुखी राहील.'' मी लगेच हो म्हटलं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण म्हटलं. रविवारी सकाळी न्यायचं ठरलं. कापडी पिशवी दाराशी लटकवूनही ठेवली.

शनिवारी रात्री दहाच्या सुमाराला ही तोंड धुवायला गेली, तर मुनीम बेसिनमध्ये बसलेला. पांढऱ्या बेसिनवर एक थेंब. गुलाबी. तो उतरला, घमेल्यात जाऊन बसला, कण्हला, कोरडाच उठला, पुन्हा बेसिनमध्ये चढला. ''अहो, हा रागावलेला नाही,'' ही म्हणाली, ''ह्याला होतच नाहीये.''

त्याच कापडी पिशवीत घालून त्याला ठाण्याला नेलं. कशेळीच्या पुलावर शनिवारी रात्री ट्रकांची काय रांग असते, ते त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि मला हात लावून बघायला सांगितलं. आत मोसंब्यासारखा टणक गोळा होता. मूत्राशय. बोक्याची मूत्रनलिका मुळात चिंचोळी, तिच्यात बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच बसतं. लघवी पूर्ण अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. भूल देऊन नळी घातली. मी बाहेरच्या बाकावर बसून हिशेब करत होतो. गोदामात नेऊन सोडला असता, तर सोमवारी-मंगळवारी कुठल्या तरी खोक्यामागे गेला असता. आणि मी म्हटलं असतं, सुखी आहे.

सकाळी फोन आला. ''साहेब, बोका आणताय ना?''

मी सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ''माझ्या वेळेला तुम्ही निदान कारखान्यात येऊन बघितलं होतं.''

ही 2005 सालची गोष्ट. त्यांचे तीन हप्ते थकले होते. शाखेतल्या टिपणात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'कर्जदाराची नियत ठीक दिसत नाही.' जप्तीच्या नोटिशीपूर्वी पाहणी करावी लागते म्हणून गेलो. भरदुपारची वेळ. आळीभर जो खडखडाट कानठळ्या बसवायचा, तो बंद. कामगार मागांच्या मधल्या जागेत झोपलेले. भारनियमनाचे दिवस होते ते. मी सहज विचारलं, ''दिवसाला किती तास वीज असते?'' माणूस रडायलाच लागला. वर्षभरात बँकेतल्या कुणीही त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता, मीही नाही. हप्ते बांधून दिले, पुढे सगळं कर्ज फिटलं. त्या टिपणाची आठवण मला अधूनमधून होते.

डॉक्टरांनीही तसेच प्रश्न विचारले. घमेली किती? कुठे? शेजारी काय आहे? फरशी कशाने पुसता? पाणी किती पितो? घरात काय बदललं? त्यांच्या तोंडी 'सूड' हा शब्द एकदाही आला नाही. हे दुखणं फक्त मूत्राशयाचं नसतं, असं ते म्हणाले. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यकाने या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं. 2011 साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला अभ्यास मी नंतर वाचला. जेवणाची वेळ बदलली, देखभाल करणारा माणूस बदलला, एवढ्यानेही मांजरं खाणं सोडतात, ओकतात, घमेल्याबाहेर लघवी करतात. आणि आजारीच नव्हे, धडधाकट मांजरंसुद्धा. आम्ही तर मुनीमचं अख्खं घर बदललं होतं.

घमेल्याचं कोडं मग उलगडत गेलं. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. पाणी कमी पिण्याची सवय, लघवी दाट, आणि उकरायला भुसभुशीत माती हवी. ती आपली काळजी युरोप-अमेरिकेतल्या बंद घरांनाही होतीच. तिथे लोक राख किंवा वाळू ठेवत. 1947 च्या हिवाळ्यात मिशिगनमध्ये एका शेजारणीची वाळू गोठली, तेव्हा एड लो नावाच्या तरुणाने तिला कारखान्यातलं तेल शोषायची माती दिली, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपली मुलतानी मातीच. आमच्या घमेल्यातली वाळू मात्र जाडीभरडी, खडेदार. त्यात मुनीम उकरायला बसला की शेजारचं यंत्र कपडे पिळायला लागून घरघरत थरथरायचं. लघवी करताना दुखतं ते वेगळंच. दुखणं आणि घमेलं यांची त्याच्या डोक्यात गाठ बसली. मग मऊ जागा शोधणं आलं. कादंबरी त्या दिवशी पलंगावर होती, एवढाच तिचा दोष.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते फिनेल. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी. फरशीवरून पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात. याच दुबळेपणामुळे आपली साधी पॅरासिटॅमॉलची गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं ते घरोघरचं जंतुनाशकही त्याच गोत्रातलं. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकली तर उठणारा वायू माणसालाही बाधतो. आणि एवढं करून वास जात नाहीच. लघवीतल्या यूरिक आम्लाचे कण फरशीच्या सांध्यात राहतात, पावसाळी दमट हवा लागली की वास परत उठतो, आणि मांजराचं नाक सांगतं, 'जागा हीच.' त्याला विकरं असलेलं द्रावण लागतं. विकरं ते कण फोडतात. मिळतं बाजारात. महाग आहे.

आता दोन घमेली आहेत. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त, असा ठोकताळा आहे. एक हॉलच्या कोपऱ्यात, एक आतल्या खोलीत. कपडे धुण्याच्या यंत्रापासून दोन्ही दूर. आत बारीक बेंटोनाइट. कच्छमधून येणारी, ओली झाली की गोळा होणारी माती. सुगंधी प्रकार आणून बघितला, मुनीमने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोळे काढण्याचं काम माझ्याकडे. कोरड्या खाण्याऐवजी उकडलेले मासे, भरपूर पाण्यासकट. त्याचं वंध्यीकरण आधीच झालेलं होतं. तसं नसतं, आणि तो शेपूट थरथरवत उभ्याने भिंतीवर फवारे मारत असता, तर ते दुखणं वेगळं आणि उपायही वेगळा, असं डॉक्टरांनी बजावलं.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. गेल्या दिवाळीत खालच्या मजल्यावर फटाक्यांची माळ लागली आणि मुनीम माझ्या चपलांवर बसला. मी चष्मा लावून खाली वाकलो. रंग बघितला. पिवळा होता, आणि भरपूर होती. मग चपला धुवायला घेतल्या.