वारं गेलं, पण उपचार संपले नाहीत

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, पारगाव, तेरखेडा या पट्ट्यात कुणाला लकवा मारला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अंगावरून वारं गेलं." माणूस म्हातारा असेल तर "आता वयच झालं" म्हणतात, तरणा असेल तर "बाहेरचं काहीतरी असंल." मग कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं, कुणी अमुक गावच्या झाडपाल्याचा पत्ता देतं. गाडी ठरेपर्यंत दुपार होते.

लकवा अंगाचा आजार नाही, मेंदूचा आहे. बहुतेक रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते, बाकीच्यांत ती फुटते. उजवा हात-पाय गेला असेल तर बिघाड मेंदूच्या डाव्या भागात झालेला असतो, म्हणून हाताला कितीही तेल चोळलं तरी ते मूळ जागी पोचत नाही. तोंड वाकडं होणं, एक हात खाली गळणं, बोलणं अडखळणं, एकाएकी तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही दिसलं की घड्याळ बघायचं. रुग्णाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं, ही वेळ डॉक्टरांना सांगावी लागते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर.

"आधी इथंच सलाईन लावून बघू, उतार पडला नाही तर पुढं नेऊ," हा विचार म्हणूनच महाग पडतो. सलाईननं गुठळी विरघळत नाही. स्कॅनसाठी वाशीकरांना धाराशिव, बार्शी, लातूर नाहीतर सोलापूर गाठावंच लागतं. 108 ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट आहे. जिथं जायचं तिथं स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळेल का, एवढं वाटेतच फोनवर विचारून घ्या. घरात पडलेली ॲस्पिरिन देऊ नका, कारण वाहिनी फुटलेली असेल तर ती घात करील. पाणीसुद्धा पाजू नका.

इथवरच्या गोष्टी हल्ली बऱ्याच जणांच्या कानावर गेलेल्या असतात. खरा घोळ पुढं आहे. रुग्ण आठ-दहा दिवसांनी घरी येतो, खाटेवर निजवला जातो, आणि घरातले एकमेकांना सांगतात, "मोठ्या दवाखान्यानं सोडलं, आता देवाची मर्जी." माझ्या मते लकव्याबद्दलचा सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज हाच. मोठ्या दवाखान्यानं सोडलं याचा अर्थ एवढाच, की मोठ्या दवाखान्याचं काम झालं. उरलेलं काम जास्त लांबचं असतं, आणि त्यातलं बरंचसं तालुक्यातच करायचं असतं.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं 86 गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. सातातला एक मृत्यू लकव्यानं झालेला होता, आणि असे बहुतेक मृत्यू दवाखान्यात नाही, घरी झाले होते. गडचिरोली आपल्यापासून लांब असली तरी खाट, अंगण आणि दवाखान्याचं अंतर आपल्याकडंही तसंच आहे.

घरी आल्यावर पहिला धोका गिळण्याचा. सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळताना अडचण येते. पाणी किंवा पातळ चहा श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. आडव्या रुग्णाच्या तोंडात मायेनं ओतलेला घोटभर चहा असा जिवावर बेततो. रुग्णाला ताठ बसवा, छोट्या चमच्यानं द्या, एक घास उतरल्यावरच दुसरा. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज किंवा दाट वरण बऱ्याच जणांना सोपं जातं. खाताना खोकला येत असेल किंवा घास गेल्यावर आवाज घोगरा, ओलसर होत असेल तर तोंडानं देणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका.

दुसरा धोका पाठीचा. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाड, टाचा आणि खुब्यावर जखमा होतात, आणि त्या भरायला महिने लागतात. रुग्णाला उचलताना लुळा हात धरून ओढण्याची सवयही वाईट. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निखळतो, मग दुखण्यामुळे रुग्ण व्यायामालाच नाही म्हणतो. कमरेला किंवा पाठीमागून आधार द्या.

"मालिश चालू आहे की, आणखी काय करायचं?" मालिशनं बरं वाटतं, ती जरूर करा. पण मेंदूला पुन्हा शिकवायचं असेल तर ती हालचाल रुग्णानं स्वतः, पुन्हा पुन्हा करावी लागते. पाय जमिनीला टेकवून खाटेच्या कडेला बसणं, तिथून आधारानं उभं राहणं, दोन्ही हातांनी तांब्या उचलून ठेवणं हा व्यायामच आहे. बोटांसाठी शेंगा फोडणं किंवा हरभरा निवडणं दिलं तर माणूस कामालाही लागतो. मात्र कोणती हालचाल, किती आणि कशी, हे फिजिओथेरपिस्टनं बघून ठरवायला हवं. "घरचे करतील सगळं" यालाही मर्यादा आहे. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 साली आले. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, तरी नेहमीच्या उपचारांपेक्षा मृत्यू किंवा परावलंबन कमी झालं नाही. घरच्यांचे कष्ट वाया जातात असा याचा अर्थ नाही. ते जाणकाराची जागा घेऊ शकत नाहीत, एवढाच. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीला जाल तेव्हा फिजिओथेरपी विभागातही जाऊन या, आणि तिथं दाखवलेले व्यायाम मोबाइलवर चित्रित करून आणा.

"सहा महिने झाले, आता फरक पडणार नाही," हेही खरं नाही. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो, म्हणून ते दिवस दवडू नयेत. पण त्यानंतरही चालणं, बोलणं, हाताची पकड सुधारलेली माणसं आहेत. बोलता न येणारा रुग्ण वेडा झालेला नसतो. पुष्कळदा त्याला सगळं कळत असतं, शब्द तेवढे सापडत नसतात. त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलू नका.

बीपीच्या गोळीबद्दल एक वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे, "आता बीपी नॉर्मल आलंय, म्हणून बंद केली." ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं. गोळी थांबवली की दुसऱ्या झटक्याची वाट मोकळी होते. यासाठी शहर गाठायची गरज नाही. बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात मोफत आहेत. गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून बीपी मोजून घेता येतं, ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलताही येतं. गावच्या आशाताईला घरी बोलवा, रुग्णाची माहिती द्या.

पैशाबद्दल. महात्मा फुले जनआरोग्य योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची, हा समज आता जुना झाला. व्याप्ती वाढवल्यानंतर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही कुटुंबामागं वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते रुग्णालयात भरती असतानाच्या उपचारांसाठी. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पात्रतेत पक्षाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. कमावता माणूस लकव्यानं घरी बसला, वय 65 च्या आत असलं आणि उत्पन्न मर्यादेत बसलं, तर वाशीच्या तहसील कार्यालयात अर्ज करा. हातापायाचं अपंगत्व कायम राहिलं आणि ते 40 टक्के किंवा जास्त भरलं तर दिव्यांग प्रमाणपत्र निघतं, त्यावर एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीनंही स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत तो मागा.

राहिली ती रुग्णाला सांभाळणारी बाई. बायको असो, सून असो की लेक, रात्री दर दोन तासांनी उठणारी तीच असते. लकव्यानंतर साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना नैराश्य येतं, हे डॉक्टर सांगतात. पण सांभाळणारीचं मन कसं आहे, हे घरात सहसा कुणी विचारत नाही. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक रुग्णासाठी आहे तसा तिच्यासाठीही आहे. आठवड्यातून एक रात्र तरी दुसऱ्या कुणीतरी जागावं. आणि पुढच्या वेळी रुग्णाचं बीपी मोजायला आरोग्य केंद्रात न्याल, तेव्हा सोबत आलेल्या तिचंही मोजून घ्या.