स्वर, वर्ण आणि क्रम : १९७४ ते १९७७ मधील चार अमेरिकन चित्रपटांचा पाठविचार

हस्तलिखितांचा शोध व संग्रह हें ज्यांचें व्रत आहे अशा वाचकांपुढें अमेरिकन चित्रपटांचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु जेथें मूळ एक आणि प्रती अनेक, तेथें पाठभेद, प्रक्षेप, लोप आणि जीर्णता हे प्रश्न यावयाचेच. मग ती वस्तु ताडपत्र असो, जुन्नरी कागद असो वा फिल्मची पट्टी असो. सामान्य समजूत अशी कीं, जी कृति कर्त्याच्या डोळ्यांदेखत शेंकडों प्रतींनीं जगभर पसरली, तिच्या मूळ पाठाला भय नाहीं. १९७४ ते १९७७ या अवधींतील चार प्रसिद्ध चित्रपटांचा वृत्तांत पाहिला असतां ही समजूत टिकत नाहीं, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्वराचा विचार करूं. पतंजलीच्या महाभाष्यांतील पस्पशाह्निकांत ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा दृष्टांत आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून केलेल्या यज्ञांत स्वर चुकला. तत्पुरुषाच्या जागीं बहुव्रीहि झाला, आणि इंद्रच वृत्राचा मारेकरी ठरला. अक्षर एकही बदललें नव्हतें. फ्रान्सिस फोर्ड कॉपोला यांच्या १९७४ मधील ‘द कॉन्व्हर्सेशन’ या चित्रपटाची सारी उभारणी अशाच एका स्वरभेदावर आहे. हॅरी कॉल हा दुसऱ्यांचीं भाषणें गुप्तपणें टिपून देणारा धंदेवाईक मनुष्य. ही भूमिका जीन हॅकमन यांनीं केली. सॅन फ्रान्सिस्को येथील युनियन स्क्वेअर या चौकांत गर्दींतून फिरणाऱ्या एका स्त्रीपुरुषांचें बोलणें तो अनेक यंत्रांनीं टिपतो, आणि मग त्या निरनिराळ्या ध्वनिफितींचा मेळ घालून, गोंगाट वगळून, एक अखंड पाठ सिद्ध करतो. अनेक पोथ्या पुढें ठेवून संहिता ठरविणाऱ्या संपादकाचेंच हें काम होय. त्यांतून एक वाक्य निघतें: अमुक मनुष्याला संधि मिळाली, तर तो आपल्याला ठार करील. कॉल जोर ‘ठार करणें’ या पदावर ऐकतो, आणि तीं दोघें निरपराध बळी आहेत असें मानतो. शेवटीं जोर ‘आपल्याला’ या पदावर पडलेला ऐकूं येतो. तेव्हां उमगतें कीं, मारणारीं तींच दोघें होतीं. ध्वनिसंकलक वॉल्टर मर्च यांनीं त्या ठिकाणीं त्याच वाक्याचा निराळा उच्चार योजिला आहे. संवादांची लेखी प्रत कितीही शुद्ध केली तरी हा भेद तींत उमटणार नाहीं. यावरून चित्रपटाचा पाठ कागदावर नसून त्या पट्टींतच असतो, हें ध्यानांत येईल.

आतां वर्ण, म्हणजे रंग. रंगीत शिळाछापांत जसा प्रत्येक रंगाचा दगड निराळा, तसे टेक्निकलर पद्धतींत तीन रंगांचे तीन ठसे करून ते एकामागून एक फिल्मवर उठवीत. हे रंग टिकाऊ असत. १९५० मध्यें ईस्टमन कोडॅक कंपनीनें तिन्ही थर एकाच पट्टींत असलेली फिल्म आणिली. ती स्वस्त आणि सोयीची. परंतु तिच्या प्रतींतील निळसर-हिरवा रंग आधीं उडतो आणि चित्र तांबूस गुलाबी होऊन जातें. हॉलिवुडमधील टेक्निकलरची ती जुनी छपाई १९७५ च्या सुमारास बंद पडली. डिसेंबर १९७४ मध्यें प्रकाशित झालेला कॉपोला यांचाच ‘द गॉडफादर, भाग दुसरा’ हा तिच्या अखेरच्या चित्रपटांपैकीं एक. म्हणजे ज्या दशकाची अमेरिकन चित्रकला सर्वत्र वाखाणिली जाते, त्याच दशकाच्या बहुतेक प्रती कच्च्या शाईच्या निघाल्या. १९८० मध्यें दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं याविरुद्ध जाहीर तक्रार उभारली, आणि पुढें अधिक टिकाऊ फिल्म निघाली. पण तोंपर्यंत छापलेल्या प्रतींना त्याचा कांहीं उपयोग नव्हता.

‘गॉडफादर’च्या पहिल्या भागाची (१९७२) मूळ निगेटिव तर अति लोकप्रियतेनेंच जीर्ण झाली, तिजवरून इतक्या प्रती काढिल्या कीं ती झिजली व फाटली. रॉबर्ट हॅरिस यांनीं २००८ मध्यें पुरा केलेल्या जीर्णोद्धारांत रंगांचा निर्णय करतांना जुन्या टेक्निकलर प्रतीची साक्ष आणि छायालेखक गॉर्डन विलिस यांचा सल्ला घ्यावा लागला. मूळ भ्रष्ट झालें असतां चांगली प्रत मुळाहून अधिक प्रमाण ठरते, हा आपल्या शास्त्रांतला अनुभव येथेंही आला.

रंगाचा लोप काळच करतो असें नाहीं. स्कॉर्सेसी यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) या चित्रपटाच्या अखेरच्या रक्तपाताच्या प्रसंगावर अमेरिकन वर्गीकरण मंडळाचा आक्षेप आला. केवळ प्रौढांसाठीं असा शिक्का बसूं नये म्हणून दिग्दर्शकानें त्या प्रसंगाचे रंग रसायनशाळेंत फिके करून घेतले. पोथींतील अक्षरांवर हरताळ लावावा तसा हा रक्तवर्णावर हरताळ फिरला. २०११ च्या जीर्णोद्धारांत तो फिका वर्ण तसाच ठेविला, आणि तें योग्यच झालें. कारण १९७६ मध्यें लोकांपुढें आलेला पाठ तोच होय. संपादकानें प्रसिद्ध पाठ जपावा. अधिक सुंदर पाठ कल्पनेनें रचूं नये.

तिसरा प्रश्न क्रमाचा. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागांत पित्याचें तारुण्य आणि पुत्राची उतरती कळा हीं दोन कथानकें आळीपाळीनें येतात. पिता कुटुंब उभें करतो, पुत्र तें मोडतो. दोन्ही चित्रें शेजारीं ठेविल्यानेंच अर्थ उत्पन्न होतो. नोव्हेंबर १९७७ मध्यें दूरचित्रवाणीसाठीं दोन्ही भाग कालानुक्रमानें जुळवून, कांहीं नवे प्रसंग घालून, चार रात्रीं दाखविण्यांत आले. बखर सरळ झाली, परंतु तुलना नाहींशी झाली. ज्यानें तेवढेंच पाहिलें त्याला मूळ रचना कशी होती याची कल्पनाही यावयाची नाहीं.

सर्वांत बिकट प्रकरण जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ (१९७७) चें. १९८१ मध्यें त्याच्या आरंभीं ‘चौथा भाग’ असा मथळा मागाहून बसविण्यांत आला. १९८९ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहींत निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत त्याची गणना झाली. तरी १९९७ मध्यें स्वतः कर्त्यानेंच नवीं दृश्यें घालून त्याचें रूप पालटलें. एका प्रसंगांत नायक आधीं गोळी झाडीत असे; आतां प्रतिपक्षी आधीं झाडूं लागला, आणि नायकाचा स्वभावच बदलला. पुढें बराच काळ पहिला पाठ चांगल्या स्थितींत पाहावयास मिळणें दुर्घट झालें.

कर्त्याला आपली कृति सुधारण्याचा अधिकार नाहीं असें कोण म्हणेल? परंतु पूर्वपाठ नाहींसा करण्याचा अधिकार त्यांत येत नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचें शुद्धीकरण केलें तें परम आदरानें. तरीही एकनाथपूर्व प्रतीसाठीं संशोधकांना वणवण करावी लागली, हें आपण जाणतोंच.

जून २०२५ मध्यें लंडन येथील ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें ‘स्टार वॉर्स’ची १९७७ ची एक प्रत पडद्यावर दाखविली. ती इंग्लंडांत टेक्निकलर पद्धतीनें छापलेली असल्यानें तिचे रंग उडाले नव्हते, आणि तींत मागाहूनचा एकही हात फिरलेला नव्हता. जवळ जवळ अर्धें शतक कोणीं तरी ती नीट सांभाळिली होती, एवढ्यामुळेंच हें शक्य झालें. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, नवी शुद्ध आवृत्ति निघाली म्हणून जुनी प्रत टाकूं नये. तिचा काळ, छपाईची रीत आणि स्थिति टिपून ती ठेवावी. कोणती प्रत कोणत्या दिवशीं एकमेव साक्षीदार ठरेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. इत्यलम्.