गोलमाल (१९७९ चित्रपट)

गोलमाल हा १९७९ साली प्रदर्शित झालेला हिंदी भाषेतील संगीतप्रधान विनोदी चित्रपट आहे. हृषीकेश मुखर्जी यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून अमोल पालेकर, उत्पल दत्त, बिंदिया गोस्वामी, दीना पाठक आणि डेव्हिड यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. संवाद राही मासूम रझा यांचे, गीते गुलजार यांची आणि संगीत राहुल देव बर्मन यांचे आहे. नोकरी मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी मालकाच्या मर्जीप्रमाणे सोंग घेणाऱ्या तरुणाची ही कथा मुंबईत घडते.

कथानक

रामप्रसाद शर्मा नुकताच सनदी लेखापाल झाला आहे. आईवडील हयात नाहीत, घरी धाकटी बहीण आहे आणि नोकरीची निकड आहे. ‘उर्मिला ट्रेडर्स’मध्ये जागा रिकामी असल्याचे त्याला डॉ. केदार यांच्याकडून कळते. त्याचबरोबर मालक भवानीशंकर यांची मतेही कळतात : मिशी नसलेल्या पुरुषावर विश्वास ठेवू नये आणि तरुणांनी खेळ, चित्रपट, फॅशन यांपासून दूर राहावे. रामप्रसाद नट असलेल्या मित्राकडून आखूड कुडता मागून आणतो, मुलाखतीत खेळांविषयी अज्ञान दाखवतो आणि नोकरी पटकावतो.

पुढे आईच्या आजारपणाची सबब सांगून तो हॉकीचा सामना पाहायला जातो. तिथे मालक त्याला पाहतात. नोकरी वाचवण्यासाठी तो लक्ष्मणप्रसाद नावाचा, मिशी नसलेला जुळा भाऊ कल्पून काढतो. त्यासाठी खरी मिशी उतरवावी लागते आणि कार्यालयात खोटी लावून जावे लागते. भवानीशंकर या उनाड भावाला आपली मुलगी उर्मिला हिला गाणे शिकवण्याचे काम देतात. मालकांना आईला भेटायचे असते, म्हणून आईचेही सोंग उभे करावे लागते, आणि नंतर त्या आईलाही जुळी बहीण असल्याचे सांगावे लागते. उर्मिला लक्ष्मणच्या प्रेमात पडते, तर तिच्या वडिलांना जावई म्हणून रामप्रसादच हवा असतो.

विनोदाचे स्वरूप

रामप्रसाद नालायक उमेदवार नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच्याकडे पदवी आहे आणि कामही तो नीट करतो. तरीही निवडीच्या वेळी निर्णायक ठरतात ती मिशी आणि कुडता. ज्याची उपजीविका दुसऱ्याच्या लहरीवर अवलंबून आहे त्याला खोटे बोलणे किती सोपे आणि खरे सांगणे किती महाग पडते, यावर चित्रपटाचा सारा डोलारा उभा आहे. भवानीशंकर दुष्ट नाहीत. त्यांचा हेकटपणा प्रामाणिक आहे, आणि उत्पल दत्त यांनी तो तितक्याच प्रामाणिकपणे साकारल्यामुळे हसू येते.

अशाच विषयावरील ‘हाऊ टू सक्सीड इन बिझनेस विदाऊट रिअली ट्राइंग’ (१९६७) या अमेरिकी संगीतिकापटात खिडक्या पुसणारा तरुण एका पुस्तकाच्या आधारे कंपनीत वर चढत जातो. तेथे मालकाला विणकामाचा छंद असतो, म्हणून नायकही आपण विणकाम करतो असे भासवतो. मात्र त्या नायकाला पदांची हाव आहे. रामप्रसादला एकच नोकरी हवी आहे.

संगीत आणि पुरस्कार

गाणी मुख्यतः लक्ष्मणच्या वाट्याला येतात, शिस्तबद्ध रामच्या नव्हे. किशोर कुमार यांनी गायलेल्या ‘आनेवाला पल’ या गीतासाठी गुलजार यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अमोल पालेकर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा, तर उत्पल दत्त यांना विनोदी भूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपटसृष्टीत येण्यापूर्वी पालेकर स्वतः बँकेत नोकरीला होते.

पुनर्निर्मिती

के. बालचंदर यांनी १९८१ मध्ये रजनीकांत यांना घेऊन ‘तिल्लू मुल्लू’ हा तमिळ चित्रपट याच कथेवर काढला. रोहित शेट्टी यांच्या ‘बोल बच्चन’ची (२०१२) कथाही सैलपणे यावरच बेतलेली आहे; तेथे कार्यालयाची जागा गावातील पहिलवानाच्या वाड्याने घेतली.