पावलांची नाणी

सकाळी फिरायला जाणाऱ्या नाशिककर मंडळींत हल्ली ‘आज किती पावले झाली?’ ही विचारपूस ऐकू येते. स्टेपसेटगो, स्वेटकॉइन यांसारखी मोबाईलमधील ॲप पावले मोजतात व त्या बदल्यात नाणी जमा करतात. ही नाणी म्हणजे रोख पैसा नव्हे! त्यांवर बहुधा खरेदीची वा प्रवासाची सवलत मिळते. म्हणजे शंभराची सूट घेण्यासाठी आधी आपल्याच खिशातले हजार काढायचे. नाण्याचा भाव कंपनी ठरवते, बदलतेही तीच.

दहा हजार पावलांचा दंडकही डॉक्टरांनी घातलेला नाही. १९६५ साली जपानात ‘मानपो-केई’ नावाचे पाऊलमापक यंत्र विक्रीस आले. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे मापक!

चालणे मात्र हिताचेच. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, अन्न पचते आणि साधलेली समाधी टिकते. प्रवासाचे बक्षीस तेथेही पहिलेच आहे.

रविवारी मुलाबाळांसह त्रिरश्मी लेणी चढावी. दहाव्या लेणीत उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. मुलांना वर्षाचा हिशेब करायला सांगा, बरोबर जुळतो. मुद्दल परत करायचे नाही, व्याजच वापरायचे, ही अटही तेथे दगडात कोरलेली आहे.