पणजीचं माहेर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात पणजीचा फोटो नाही. नाव राधाबाई. ऐन पंचविशीत वैधव्य आलं. जमीन भाऊबंदांच्या हाती गेली आणि लोकांकडे स्वयंपाक करून तिनं माझ्या आजोबांना वाढवलं. आम्हाला एवढंच माहीत होतं. वडील शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, "आजीचं माहेर कुठलं, हे आम्ही कधी विचारलंच नाही गं!" ते गेल्यावर मी विचारायचं ठरवलं, पण विचारणार कुणाला?

रामकुंडावरचे तीर्थपुरोहित आपल्याला, म्हणजे नाशिककरांना, रोजच दिसतात. त्यांच्या वह्यांमध्ये यात्रेकरूंच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या आहेत. गाव, जात आणि आडनाव सांगितलं, की आपल्या घराण्याचे पुरोहित कोण ते कळतं. जुन्या नोंदी बहुधा मोडीत असतात आणि वर्ष शकाचं असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो.

आमची वही निघाली. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे पुरुष ओळीनं सापडले. पणजीबद्दल मात्र 'भार्या राधाबाई' एवढंच. तलाठ्याकडचा जुना फेरफार काढला, तर तिथे आजोबांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई राधाबाई', म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती. सरकारदरबारी तिचं नाव लागलं होतं, याचं मला अप्रूप वाटलं. पण तेही सासरचंच नाव!

खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण बहुतेकदा पाळण्यातलं नावही बदलायचं. डॉक्टर आनंदीबाई जोशी जन्मानं यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या कुर्लेकर, त्याही यमुनाच! आनंदीबाई १८८७ मध्ये वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. तिथल्या दगडावरही नाव आनंदीबाईच. त्या प्रसिद्ध, म्हणून आपल्याला यमुना ठाऊक. आमच्या पणजीचं कोण सांगणार?

मी वही मिटायला सांगणार, तेवढ्यात वृद्ध पुरोहित म्हणाले, "ताई, बाईला तिच्या नावानं शोधू नका. तिच्या मुलाचं आजोळ शोधा."

किती साधी गोष्ट! श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांचा उच्चार होतो, तसाच आईच्या वडिलांचा, त्यांच्या वडिलांचा आणि आजोबांचाही होतो. मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. म्हणजे मुलाला आजोळच्या तीन पिढ्या सांगाव्याच लागतात. बाईचं माहेर तिच्या स्वतःच्या नोंदीत नसलं, तरी मुलाच्या तोंडून वहीत उतरलेलं असू शकतं. सगळ्याच वह्यांत ते असेल असं नाही. आमच्या वहीत होतं.

शके १८६१, म्हणजे १९३९. आजोबा पणजीच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. मोडी वाचताना पुरोहितांचं बोट एका ओळीवर थांबलं: मातामहांचं नाव, आडनाव आणि मुक्काम चांदवड. वडिलांना हे ऐकायला मिळायला हवं होतं.

चांदवडच्या त्या घराण्याचे पुरोहित वेगळे. लेकीची वही एक, सुनेची दुसरी. बाई या दोन वह्यांच्या मधे हरवते ती अशी. दुसऱ्या वहीसाठी दोन खेपा घालाव्या लागल्या. अखेर शके १८१८ ची नोंद मिळाली. पणजीचे वडील सहकुटुंब आले होते. त्या वेळी ती पाच-सहा वर्षांची असावी, लग्नाआधीची. दोघा मुलांची नावं ठळक लिहिलेली. पुढे फक्त 'कन्या ३'.

मी ती ओळ पुन्हा वाचून घेतली. तीनच्या पुढे काही नव्हतं.

तुम्हाला शोध घ्यायचा असेल, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशी बोला. मूळ गाव, कुलदैवत, आजोळची आडनावं लिहून न्या. अर्ध्या तासात सगळं हाती लागेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

निघताना पुरोहितांनी नव्या नोंदीसाठी पेन पुढे केलं. लग्नात माझंही नाव बदललं होतं. मी दोन्ही नावं लिहिली, खाली दोघी मुलींची. चांदवडला त्या आडनावाची दोन घरं अजून आहेत, असं ते म्हणाले. दिवाळी झाली की जाणार आहे.